पाहुण्यांकडे पाठ

भाऊ गेल्याचं सांगायला पुतण्याचा, संजूचा, फोन आला, तेव्हा मी त्याला बोलूच दिलं नाही. उचलताक्षणी विचारलं, "पलटवलं का त्यांना?" तो म्हणाला, "काका, आता पलटवाची गरज नाही." अशी बातमी ऐकून माणूस रडतो, निदान खुर्चीत तरी बसतो, मी चौकशी करून मोकळा झालो होतो. पण गेले काही महिने आमच्या घराण्यात फोनची सुरुवातच या प्रश्नानं होत होती.

भाऊ म्हणजे माझे थोरले बंधू. तुमसरच्या एका राईस मिलमध्ये त्यांची हयात गेली. वाफवलेलं धान पटांगणात पसरायचं आणि पायानं रेघा ओढत खालीवर करत राहायचं, हे काम त्यांच्या देखरेखीखाली चाले. वेळेवर फिरवलं नाही, तर खालचा थर दमट राहून त्याला वास धरतो. म्हणून "पलटवा रे!" ही त्यांची आरोळी रस्त्यापर्यंत ऐकू यायची. मी डबा घेऊन गेलो की मलाही चप्पल काढून धानात उतरवायचे. "भंडाऱ्याले जाऊन मोठा साहेब बनजो, आधी धान पलटव." भंडाऱ्याला मी गेलो, साहेब काही झालो नाही, आणि धानही धड जमलं नाही. माझ्या वाकड्या रेघा बघून कामावरच्या बाया विचारायच्या, "इथून साप गेला काय?"

मग भाऊंना लकवा झाला. डावं अंग गेलं, जीभ शाबूत राहिली. दवाखान्यातून निघताना सिस्टरनं बजावलं होतं : दर दोन तासांनी कूस बदला, टाचा टेकू नयेत म्हणून पोटरीखाली उशी द्या, चादर ओली राहू देऊ नका, डाग दिसला तर चोळू नका. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे मी धान झालो."

खोलीत पलंग भिंतीला लावलेला, खुर्च्या एका अंगाला. खुर्च्यांकडच्या कुशीवर लकव्याचा खांदा दुखे. भिंतीकडच्या कुशीवर वळवलं, तर आलेल्या माणसाकडे पाठ... आणि माणसं तर येतच होती. अड्याळ आमचं मूळ गाव. तिथून गाडी भरून यायची. एक चहा संपेपर्यंत दारात दुसरी गाडी. लवकर उठलं तर माया कमी दिसते, म्हणून कोणी उठत नसे. दर रविवारी त्यात मीही, सफरचंदं आणि सल्ले घेऊन. गाडीचा आवाज आला की भाऊ म्हणत, "मले सीधा करा रे. पाहुणे आले आन् मी पाठ करून पडू? लोकं काय म्हणतीन?" मग उशांना टेकवून दिवसभर तसेच. सगळा भार माकडहाडावर.

चादर बदलताना डाग पहिल्यांदा दिसला तो माझ्या बायकोला, सुनंदाला. वहिनी म्हणाल्या, "लाल तर नाही ना, जरासं काळवंडलं."

"आपल्या रंगावर लाल कुठून दिसन, वैनी? हात लावून पाहा, गरम हाय. दाबलं तरी तो रंग हालत नाही."

वहिनी खोबरेल तेल घेऊन आल्या, तर सुनंदानं बाटली काढून घेतली. "चोळू नका. त्याच्यावरून भार काढा." मग भाऊंकडे वळली, "भाऊ, आजपासून पाठीवर नाही झोपाचं."

"आज अड्याळचे येऊन राहिले. उद्यापासून."

हा उद्या रोज आला आणि रोज त्याच्याबरोबर पाहुणेही आले. कातडी फाटली, जखम आत गेली. वहिनी वासासाठी उदबत्ती लावू लागल्या, तर एक पाहुणा म्हणाला, "वा, मंदिरासारखं वाटते." ड्रेसिंगच्या वेळी तेवढे सगळे शिस्तीत बाहेर अंगणात जाऊन बसत आणि आत काय आहे हे कोणी विचारत नसे. धानाचा वास लांबून ओळखणारे भाऊ नाकासमोरचा वास ओळखत नसतील? ओळखत होते. एकदा मला जवळ बोलावून म्हणाले, "खालचा थर गेला रे." मी काहीतरी विनोद केला. काय केला, ते आठवत नाही.

शेवटी सुनंदानंच पलंग ओढून खोलीच्या मधोमध आणला, अर्ध्या खुर्च्या भिंतीकडे लावल्या आणि पाहुण्यांना सांगितलं, "तोंड जिकडं असन, तिकडं बसा." इतकं सोपं होतं. भाऊ भिंतीकडे वळून झोपू लागले आणि पाहुणे मुकाट्यानं पलंगाला वळसा घालू लागले. कोणाचाही अपमान झाला नाही. पण तोवर आतलं सगळं पोखरलं होतं. ताप उतरेना. औषधं बदलली, पुन्हा दवाखाना झाला, आणि मग संजूचा तो फोन...

तेरवीला माणसं त्याच खोलीत बसली. पलंग अजून मधोमधच आहे, वहिनी तो हलवू देत नाहीत. गादी काढलेली, नुसत्या पट्ट्या, आणि दोन्ही बाजूंना त्या खुर्च्या. अड्याळचे एक वयस्कर सोयरे डोळे पुसत म्हणाले, "काय माणूस होता! एवढ्या दुखण्यात कोणाले पाठ नाही दाखवली." सगळ्यांनी माना हलवल्या. सवयीनं माझीही हलली.

परतताना बसमध्ये सुनंदा खिडकीबाहेर बघत होती. तुमसर मागे पडलं. मग माझ्याकडे न वळताच म्हणाली,

"दाखवाले पायजे होती. एकदा तरी पाहिली असती त्याईनं ती पाठ."