त्र्याहत्तरावं वर्ष आणि लोयांगची फुलं

झाय काका लोयांगला फुलं बघायला जाणार, असं त्यांनी माझ्या दुकानात येऊन जाहीर केलं तेव्हा तिथे बसलेले सगळे हसले. हसण्यासारखंच होतं. आमचं गाव हेत्से शहराबाहेर, पिओनीच्या फुलांच्या वाफ्यांना लागून. वसंतात दाराबाहेर पाऊल टाकलं की फुलंच फुलं. लोयांगची चांगली रोपं मुळात आमच्याकडूनच गेली, असं इथला प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो. लोयांगवाले नेमकं उलटं सांगतात म्हणे.

"काका, फुलंच बघायचीत तर मागच्या दाराने जा," सुतार मंग म्हणाला. "तिकीटसुद्धा लागत नाही."

"लोयांगची वेगळी असतात," काका म्हणाले आणि मिठाची पिशवी उचलून चालू लागले.

फुलांचं निमित्त होतं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. लोयांगला त्यांची थोरली बहीण राहते, शूचिन. आई लवकर गेली, काकांना तिनेच वाढवलं. दुष्काळाच्या साली ती लोयांगच्या कारखान्यातल्या खाणावळीत कामाला लागली आणि तिथूनच भावासाठी धान्य पाठवत राहिली. काका तेव्हा नऊ वर्षांचे होते. "मी जिवंत आहे ते ताईच्या पिठावर," एवढं एकच वाक्य ते त्या दिवसांबद्दल बोलतात. पुढे तिचं लग्न तिकडेच झालं. दर दोन-तीन वर्षांनी ती गावी यायची, गुडघे धड होते तोवर. काका मात्र जन्मात एकदाही लोयांगला गेले नाहीत.

कारण विचाराल तर तोफू. रात्री सोयाबीन भिजत घालायचं, पहाटे दळायचं, उकळायचं, फडक्यात बांधून दाबायचं आणि उजाडायच्या आत गावभर फिरून विकायचं. आधी गाढव जात्याला होतं, मग मोटार आली. काकांचं जुंपून घेणं काही सुटलं नाही. "सोयाबीन भिजलंय, कसा जाऊ?" हे उत्तर मी या गावात सून होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. इतक्या वर्षांत कुणाचं लग्न असो की मयत, काका तोफू विकून झाल्यावरच हजर.

आणि आता, जायचं ठरवलं ते नेमकं याच वर्षी. काकांना त्र्याहत्तरावं लागलं होतं. आणि ताईला चौऱ्याऐंशीवं.

आमच्याकडे ही दोन वर्षं म्हणजे उंबरठा. आमचा थोर गुरू कन्फ्यूशियस त्र्याहत्तराव्या वर्षी गेला, त्याच्यामागून झालेला गुरू मेन्शियस चौऱ्याऐंशीव्या. एवढ्या मोठ्या माणसांना जे वर्ष ओलांडता आलं नाही, ते आपल्याला काय झेपणार, असा सरळ विचार. त्या वर्षी म्हाताऱ्या माणसाने वाढदिवस करू नये, लांबचा प्रवास करू नये. मुलीने कार्प मासा आणून खायला घालावा, म्हणजे तो मासा जसा पाण्याबाहेर उडी मारतो तसं माणूस ते वर्ष उडी मारून पार करतं. काकांची मुलगी रुईशिया, एकुलती एक, शेजारच्या गावात दिलेली. तिने वर्ष लागताच मासा आणला, अरिष्ट टळावं म्हणून लाल बनियन आणला, लाल मोजे आणले. काकांनी निमूटपणे सगळं खाल्लं आणि घातलं.

पण लोयांगची तयारी थांबली नाही. ज्याचा कुणाचा मेव्हणा कधी लोयांगला गेला होता, त्या प्रत्येकाला गाठून ते विचारायचे. झंगझोऊला गाडी बदलायची तेव्हा बाहेर पडायचं की आतच राहायचं? ताज्या तोफूला वास येईल, म्हणून मसाल्यात मुरवलेला, घट्ट दाबलेला तोफू न्यायचा, हेही ठरलं. निळा कोट धुऊन दोरीवर वाळत घातला, तेव्हा बातमी रुईशियाच्या गावी पोचली. ती तीनचाकी पळवत थेट माझ्या दुकानात आली, कारण काका तिथे बसले होते.

"बाबा, या वर्षी नाही."

"का?"

"का ते तुम्हाला माहीत आहे. हे वर्ष सरू दे."

"सरलं की जाऊ?"

रुईशिया मिठाच्या पोत्याकडे बघत राहिली. आमच्याकडे मूल जन्मतं ते एक वर्षाचं होऊनच, पोटातलं वर्षही धरतात. पण ओळखपत्राला हे मान्य नाही, त्यावर एक वर्ष कमीच. "पुढच्या वर्षी कार्डावर त्र्याहत्तर लागतील," ती हळूच म्हणाली. "तेही जाऊ दे."

"घ्या," मंग म्हणाला. "माणसं एकदा त्र्याहत्तरची होतात, काका दोनदा होणार."

"आणि तुझी आत्या?" काकांनी मंगकडे लक्षच दिलं नाही. "ती दोन वर्षं चौऱ्याऐंशीची राहणार? तिला सांगून ठेवलंयस का?"

"बाबा, आई गेली तेव्हा मी तुमच्याकडे बघून उभी राहिले. मला आता दुसरं कोण आहे? तुम्हाला वाटेत काही झालं तर मी काय करू?"

मला तिचा राग येत होता आणि तिचं चुकतंय असंही म्हणवत नव्हतं. माझे वडील असते तर मीही दार अडवून बसले असते.

त्याच संध्याकाळी काकांनी माझ्या फोनवरून ताईला व्हिडिओ लावला. त्यांच्या फोनवर तिचा चेहरा पिठाच्या गोळ्यासारखा दिसतो.

"येऊ नकोस हं," ताई आधीच म्हणाली. "मलाही कोंडून घातलंय. खाली कचरा टाकायला गेले तर धाकटा पोरगा मागोमाग येतो, जशी काही मी पळून लग्न करणार आहे."

"मासा खाल्लास?"

"कोण देणार? मला दोन मुलगे. मुलगी कुठेय?"

काका फोन परत देताना उगाच पदरासारखा कोटाचा कोपरा चाळवत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी रुईशियाला बोलावलं. "मी राहतो घरी. तू जा. भाची म्हणजे मुलगीच. तिला मासा खाऊ घालून ये." कोट घडी करून पेटीत ठेवलेला मी स्वतः पाहिला. तो ठेवताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

रुईशिया गेली आणि तिसऱ्या दिवशी परतली. घरी न जाता माझ्याकडे आली आणि स्टुलावर बसून राहिली. मी गरम पाणी दिलं.

"वहिनी, आत्याने मासा खाल्ला नाही."

"का गं? बिघडला होता?"

"मी बाजारातून जिवंत आणला, घरी शिजवला. छान झालाय म्हणाली. चॉपस्टिक उचलल्या आणि परत ठेवल्या. म्हणाली, बाळ, हा मासा वर्ष पार करायला खातात ना? पार होऊन मी काय करू? पुढच्या वर्षी तू त्याला अडवशील, माझा धाकटा मला अडवेल. तो तिकडे, मी इकडे, दोन लोणच्याच्या बरण्यांसारखी जपून ठेवलेली. तो आला तर खाईन, म्हणाली."

मग रुईशिया रडली. अगदी लहान मुलीसारखी, नाक पुसत. "मी त्यांना मरू देणार नव्हते, वहिनी. भेटू दिलं नाही ते माझ्या लक्षातच आलं नाही."

आम्ही दोघी काकांकडे गेलो. ते सुरीने तोफूच्या चौकोनी वड्या पाडत होते.

"बाबा," ती म्हणाली, "लोयांगची फुलं आता आठवडाभरच टिकतील म्हणतात. उद्या निघू या. मी बरोबर येते."

काकांनी सुरी खाली ठेवली. मग काय म्हणाले असतील? "सोयाबीन भिजत घातलंय."

मी ती बादली उचलली आणि सरळ माझ्या घरी नेली. आमच्याकडे त्यानंतर चार दिवस सोयाबीनच शिजत होतं आणि माझा नवरा अजून त्याबद्दल बोलतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे गावात तोफूची आरोळी झाली नाही. बायका भांडी घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि मग एकमेकींना विचारायला माझ्या दुकानात आल्या. दुपारपर्यंत दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही, कारण रुईशिया व्हिडिओ पाठवणार हे सगळ्यांना कळलं होतं. मंग सर्वांत पुढे.

व्हिडिओ आला तो लोयांगच्या स्टेशनाबाहेरचा. रुईशियाचा हात हलत होता. गर्दीतून निळा कोट पुढे जात होता, पिशवी छातीशी धरून, उजवी-डावीकडे बघत. आणि समोर, जिला घराबाहेर सोडत नव्हते ती ताई उभी. मागे दोन्ही मुलगे चाकांची खुर्ची घेऊन, चेहरे पडलेले. ती खुर्चीत बसलेली नव्हती. एक हात खुर्चीच्या दांड्यावर ठेवून ताठ उभी होती.

"ताई, बाहेर कशाला आलीस?" काकांचा आवाज ऐकू आला. "या वर्षी पाऊल टाकायचं नसतं तुला."

"आणि तुला टाकायचं असतं होय रे, गाढवा?"

मंग हसला, मग कुणीतरी त्याला गप्प केलं.

काकांनी पिशवी खाली ठेवली. मग माणूस स्टेशनावर जे विचारतो तेच त्यांनी विचारलं. "कधीपासून उभी आहेस?"

ताईने हात पुढे करून त्यांच्या कोटाची कॉलर सारखी केली.

"तू नऊ वर्षांचा होतास तेव्हापासून," ती म्हणाली.