उजवा मुंढा

कडूबाईला कुणी विचारलं, "शिवणं कुणाकडं शिकलीस ग?" की ती सुईत दोरा ओवता ओवता म्हणती, "माझी मी." बास! एवढं कानावर आलं की माझ्या अंगाची लाही लाही होती. अग, भिंतीला भिंत लावून मी बसलेय, सगळ्या गावाच्या अंगावर माझी टीप हाय, आन म्हणं माझी मी!

कडूबाई माझी धाकटी जाऊ. मी राजेश्री, थोरली. सोनपेठपासून जीपनं जवळच आमचं गाव. मी शिवणं शिकले ते सोनपेठच्या गोपाळ मास्तरांकडं, रीतसर. आधी नुसती काजं-बटनं, मग साडीचे फॉल, मग कुठं कात्रीला हात. मास्तर म्हणायचे, "फर्म्याच्या बाहीर जायचं न्हाई." फर्मा म्हंजे पुठ्ठ्याचा कापलेला नमुना. तो कापडावर ठेवायचा, खडूनं रेघ ओढायची आन कापायचं. मी कधी रेघ सोडली न्हाई. मास्तरांनी दुकान बंद केलं तवा सगळे फर्मे माझ्याच हवाली केले, दुसऱ्या कुणाच्या न्हाई.

ही तवा उसात. दिवाळी झाली की नवरा-बायको दोघं कारखान्याला तोडीला जायची, उन्हाळ्यात परत यायची. मग दीर ट्रॅक्टरवर ड्रायव्हर लागले, हिची कंबर धरली, आन ही गावातच राहिली. एक दिवस बघते तर बाजारातून जुनं मशीन आणून ओसरीवर मांडलेलं! मला एका शब्दानं विचारलं न्हाई. म्हणलं, येईल. जाती कुठं? चहाचा कप घेऊन येईल, "अक्का, जरा दाखवा की" म्हणंल. मी थोडा भाव खाईन, मग दाखवीन. वाट बघून डोळे शिणले, पण बाईसाहेब आल्या न्हाईत.

तिनं काय करावं? घरोघर फिरून फाटके ब्लाउज गोळा केले. लिंबाखाली बसायची आन ब्लेडनं एकेक टाका उसवायची. बाही वेगळी, पाठ वेगळी, अस्तर वेगळं. सगळं जमिनीवर पसरून बघत बसायची, मग परत जोडायची, परत उसवायची.

"कोंबडी सोलायलीस का ग?" मी भिंतीवरून विचारलं.

"कुठून फाटतंय ते बघायलेय, अक्का."

मी पदर तोंडाला लावून हसले. नवं शिवायचं ठाऊक न्हाई आन ही फाटलेल्याचा अभ्यास करायली! तिच्या पहिल्या ब्लाउजच्या बाह्या उलट्या लागल्या तवा तर मी गावभर सांगत फिरले. तीबी हसली, आन तिथंच बसून उसवाया लागली. लाज म्हणून न्हाई बाईला.

पण हळूहळू माझ्या दारातल्या चपला कमी झाल्या. उसावरून बाया परत आल्या की आधी माझ्याकडं गर्दी असायची. आता सगळ्या तिच्या ओसरीवर. "कडूबाईचा मुंढा टरकत न्हाई बघा. दोन सीजन निघतेत." मुंढा म्हंजे बाही जिथं अंगाला जोडतेत ती जागा. माझ्याकडं ह्याच बाया मुंढा फाटला म्हणून यायच्या, तवा मी ठिगळ लावून द्यायची आन वरून रागवायची, "जरा सावकाश हात चालवा की ग! कोयता हाय का तलवार?" तेवढंच माझ्या पोटात दुखायचं. ती कशी काय? कोण सांगतंय हिला? मी तिच्या दाराकडं पाठ करून बसायची, पण कान तिकडंच असायचे.

आन मग माझ्या लेकीचा साखरपुडा ठरला. राजनंदिनी माझी. पोलीस भरतीची तयारी करायली, सकाळ-सांज ग्राउंडवर गोळाफेक. पाहुणे पाथरीकडचे. त्यांनी साखरपुड्याची साडी आधीच पाठवली, ब्लाउज शिवून ठेवा म्हणून. अंजिरी रंगाची, काठ बघत राहावे असे. मी पीस मांडीवर घेतला आन लेक हळूच म्हणली, "आई, हा काकूकडं टाकू का?"

डोळ्यांपुढं काजवे चमकले. "का ग? मी मेले का?"

"तसं न्हाई आई..."

"सगळी भावकी येणार, पाहुणे येणार. शिवणारणीची लेक जावेच्या हातचं घालून पाटावर बसली तर मी तोंड कुठं लपवू?"

मी मास्तरांचा सगळ्यात चांगला फर्मा काढला. टीप अशी घातली की वरून दोरा दिसू न्हाई. साखरपुडा तोंडावर आला तवा तिला घालून बघायला सांगितलं. डावा हात बसला झकास. उजवा जरा ओढून बसला. "केसं वर धर," म्हणलं. तिनं हात उचलला आन उजव्या मुंढ्यात, पाठीमागून, टर्रर्र!

कापड वाचलं होतं, टीप उसवली होती. लेक नुसती एकदा कडूबाईच्या भिंतीकडं बघितली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

ब्लाउज पदराखाली घेऊन मी उठले. म्हणलं, जाऊ दे राजेश्री, लेकीसाठी नाक खाली घाल. तिच्या दारापर्यंत गेले बी. आत बाया बसल्या होत्या. कुणीतरी विचारलं आन आतून आवाज आला, "माझी मी." पाय तसेच मागं फिरले. मेले तरी हिच्यापुढं हात पसरणार न्हाई!

घरी येऊन मी ठिगळाच्या कापडाचं गाठोडं सोडलं. बायांनी टाकून दिलेले जुने ब्लाउज त्यात पडलेले असतेत. एक उचलला, दुसरा, तिसरा. उजवा मुंढा. उजवा मुंढा. उजवाच. पाठीकडून. एकाचाबी डावा फाटलेला न्हाई. मी ब्लेड घेतलं आन उसवायला बसले, भुईवर, फतकल मारून, अगदी तिच्यासारखी.

मग राजनंदिनीला हाक मारली. "ये इकडं. गोळा फेकतीस तसा हात कर. रिकामाच कर."

"आता? घरात?"

"कर म्हणते ना!"

तिनं खांदा मागं नेला, हात वर उचलला. तिची पाठ उजवीकडून अशी फुगली की मी बघतच राहिले. टेप लावला. उजवा दंड डाव्यापेक्षा बोटभर जाड. आयुष्यभर मी एकाच हाताचं माप घेतलं, दुसरा तसाच असणार म्हणून. फर्मा बाजूला सारला. आत शिवणीला जादा कापडाचा दाब सोडला होता, तो उजवीकडं मोकळा केला, बगलेत तिकोनी तुकड्याची कळी घातली. बरोबर का चूक सांगायला मास्तर नव्हते.

साखरपुड्याला लेक पाटावर बसली. ओटी भरली, तिनं वाकून नमस्कार केले, हात उचलून गजरा बी सारखा केला. मी श्वास धरूनच होते. काही झालं न्हाई. मग कडूबाई आली. लेकीच्या गालावरून बोटं मोडायच्या निमित्तानं तिनं उजव्या मुंढ्यावर हात फिरवला, बाजारात वांगं दाबून बघतेत तसा. परत फिरवला. कळीवर बोट थांबलं आन बाईचं तोंड उतरलं. खरं सांगते, कित्येक वरसांनी माझ्या काळजाला गारवा पडला.

"अक्का," ती म्हणली, "हे कुणाकडं शिकलात?"

मी पेढ्याचं ताट सावरलं. किती दिवस हे शब्द जिभेवर आणायचे होते मला! "माझी मी," म्हणलं.

ती जवळ सरकून हळू आवाजात म्हणली, "माझ्या लग्नातला ब्लाउज तुमीच शिवला होता, अक्का. पहिल्याच सीजनला, उसाच्या फडात, सगळ्या टोळीसमोर उजव्या मुंढ्यात फाटला. पदर गुंडाळून दिवसभर ऊस तोडला म्या. लिंबाखाली पहिल्यांदा उसवला तो तोच."

तिला द्यायला उचललेला पेढा माझ्या हातातच राहिला. पाहुणे बघायलेले.

"मग मला का न्हाई सांगितलंस ग?"

"तुमी कवा विचारलं?" म्हणली, आन माझ्या हातातला पेढा घेऊन तिनं तोंडात टाकला.