पेन खाली ठेव

माझ्या मुलीचे पहिल्या वेळी बावीस प्रश्न राहिले. चुकले नाहीत, वाचायचेच राहिले. डॉक्टरीच्या प्रवेश परीक्षेत तीन तासांत एकशे ऐंशी प्रश्न सोडवायचे असतात. पंचेचाळीस भौतिकशास्त्राचे, पंचेचाळीस रसायनशास्त्राचे आणि नव्वद जीवशास्त्राचे. जीवशास्त्र तिचं सगळ्यात पक्कं, आणि राहिले ते सगळे त्यातलेच.

निकाल लागला तेव्हा मालक, म्हणजे तिचे वडील, ओरडले नाहीत. ते दुधाचा टेम्पो चालवतात, दमून आले होते. पाणी पिऊन म्हणाले, "अजून एक वर्स. एकच. नंतर जिथं मिळंल तिथं नाव घालायचं, आन वाद घालायचा न्हाई." तिने मान हलवली. मीही हलवली, जणू मलाच विचारलं होतं.

प्रश्न राहिले कसे, हे तिने मला दोन दिवसांनी सांगितलं. मी घरी विड्या वळते, त्याची पानं कातरत बसले होते, ती शेजारी येऊन बसली. परीक्षेत हातात घड्याळ घालू देत नाहीत. भिंतीवर घड्याळ होतं, पण ते तिच्या पाठीमागे. वळून पाहिलं तर कॉपी करते म्हणतील, अशी तिला भीती वाटली. पुस्तिकेत भौतिकशास्त्र आधी छापलेलं, म्हणून तिने तेच आधी घेतलं आणि त्यात रुतली. वेळ किती गेला ते कळलंच नाही.

"मग सरांना विचारायचं की गं, किती वाजले."

"लाज वाटली."

 हे लाजणं ती कुणाकडून शिकली ते सगळ्या गल्लीला माहीत आहे. बचत गटाच्या बैठकीला मी दाराच्या मागे बसते. विडी कारखान्यात माल द्यायला जाते, तिथला चेकर मूठभर विड्या बाजूला फेकतो, त्याला छाट म्हणतात, ती मी मुकाट्याने गोळा करून आणते. मालक थट्टेने म्हणतात, "आपल्या घरात कुकर तेवढा बोलतो."

दिवाळीनंतर तिने दर रविवारी घरीच पेपर सोडवायला सुरुवात केली. खऱ्या परीक्षेसारखाच, दोन ते पाच. भिंतीवरचं घड्याळ काढून स्वतःच्या पाठीमागे, माझ्या समोर ठेवलं.

"आई, तू सुपरवायझर. मी विचारलं तरच वेळ सांगायची. पाच वाजले की म्हणायचं, पेन खाली ठेव. बास."

"मला त्यातलं काय कळतं?"

"घड्याळ कळतं ना? चौथी झालीस ना?"

मी दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसायचे. ती आधी जीवशास्त्र घ्यायची, पन्नास मिनिटांत संपवायची. मग रसायनशास्त्र, शेवटी भौतिकशास्त्र. एकेका पानाची उत्तरं झाली की लगेच उत्तरपत्रिकेवरचे गोल काळे करायची. सगळे गोल शेवटी भरायला ठेवले तर तेच राहतात, असं क्लासच्या सरांनी सांगितलं होतं. मधे एकदोनदा ती पुटपुटायची, "किती?" मी तितकंच हळू सांगायचे.

पाच वाजायचे. तिची मान खाली, ओठ हलतायत, बोटं काळी झालेली. तीन शब्द म्हणायचे होते, माझ्या तोंडातून निघायचे नाहीत. एक मिनिट जाऊ दे, मनात म्हणायचे. मग दोन. मग ती पान उलटायची, तर म्हणायचे, एवढं पान होऊ दे. आठ-नऊ मिनिटांनी तिची मान वर आली की मी म्हणायचे, "ठेव आता." ती पाठीमागे वळेपर्यंत मी घड्याळ उचलून पुसायला घ्यायचे.

ती गुण कॅलेंडरवर लिहायची. ते वाढत गेले. मालक बघून म्हणाले, "पेपर पुरा व्हायला लागला की!" मी कॅलेंडरकडे पाठ करून पानं कातरायला घेतली.

पाचव्या रविवारी आमच्या वळणावर पाचच्या संगमनेर गाडीने हॉर्न दिला. तो ती रोजच देते. पण त्या दिवशी तिने भौतिकशास्त्राचं एक गणित सोडवून झालं आणि डोकं वर काढलं.

"आई, मघाशी गाडी गेली ना?"

"गेली आसंल."

"आसंल म्हंजी? कधी?"

मी हातातली विडी बांधत राहिले. ती उठली आणि तिने घड्याळ फिरवून पाहिलं. पाच वाजून नऊ मिनिटं झाली होती.

"दर रविवारी?"

मी मान हलवली. तिने कॅलेंडर काढलं आणि पाचही रविवारचे गुण पेनने खोडले. कागद फाटेस्तोवर खोडले.

"तिथं मला नऊ मिन्टं कोण देणार? तू येणार का आत?"

"तुझ्या तोंडाकडं बघवत न्हाई गं."

"मग बघू नको. घड्याळाकडं बघ." मग म्हणाली, "घरच्या घरात पेन खाली ठेव म्हणायला तुला जमत न्हाई, आन मी परक्या सरांना वेळ विचारायची व्हय?"

त्या आठवड्यात मी कारखान्यात माल घेऊन गेले. चेकरने नेहमीसारखी चाळवाचाळव केली आणि विड्यांचे दोन बांधलेले कट्टे बाजूला सारले. मी वाकले, ते गोळा करायला. वाकल्यावाकल्याच म्हणाले, "साहेब, ते परत बघा. चांगल्या विड्या हायेत त्यात." आवाज माझ्या अंदाजापेक्षा फार मोठा आला. सगळी रांग वळली.

"अगं बाई, हिला तोंड हाय व्हय!" मागून एक जण म्हणाली, आणि बाया हसल्या.

माझे कान तापले, पण मी हलले नाही. चेकरने कट्टे सोडले, एकेक विडी पाहिली. निम्म्याहून जास्त परत मालात टाकल्या. उरलेल्या माझ्यासमोर धरल्या. "ह्या बघा बाई. पान चिरलेलं हाय. तुमीच सांगा." पान चिरलेलंच होतं. मलाच ठाऊक होतं. चिरलेलं पान टाकायला माझं मन होत नाही. त्यावर मी इतका वेळ घालवते की तेवढ्यात तीन चांगल्या विड्या झाल्या असत्या, आणि शेवटी ती छाटीत जाते ती जातेच.

घरी येऊन मुलीला सगळं सांगितलं. मी बोलले हे ऐकून तिने आधी दोनदा विचारलं, "खरंच?" मग मी चिरलेल्या पानाचं सांगितलं.

"मी भौतिकशास्त्रात हेच करते," ती म्हणाली. "एका गणितावर तीन मिन्टं गेली की ते सोडून देववत न्हाई. एवढा वेळ घातला, आता कसं सोडू, वाटतं. मग अंदाजानं गोल भरते आन चुकतं." चुकलं की एक गुण कापतात. सोडून दिलं तर काही कापत नाहीत. हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

तिने नियम केला. दोनदा वाचून वाट दिसली नाही तर प्रश्नाला खूण करायची आणि पुढे जायचं. वेळ उरला तर परत यायचं, नाहीतर कोरा सोडायचा.

पुढच्या रविवारी गाडीचा हॉर्न वाजला, काटा पाचवर आला आणि मी म्हणाले, "पेन खाली ठेव." तिने ठेवलं. तेरा प्रश्न राहिले होते. मी ओढणीसारखा पदर तोंडावर घेऊन आत गेले, पण म्हणाले होते.

मालकांनी कॅलेंडर पाहिलं. "हे काय, उलटं चाललंय?"

"खरं चाललंय," मी म्हणाले.

मग आवाजाचं काम उरलं. मी दारातून उठून ओट्यावर बसायला लागले, तिथून अंगणात, तिथून गोठ्यापाशी. "किती वाजले?" ती आतून विचारायची. "ऐकू येत न्हाई," मी म्हणायचे. एका रविवारी ती एवढ्या जोराने ओरडली की कोंबड्या पळाल्या आणि आत झोपलेले मालक दचकून उठून ओरडले, "सव्वातीन! सव्वातीन वाजले, कुणाला पायजे?" ती हसत हसत लिहीत राहिली. राहिलेले प्रश्न तेराचे आठ झाले, आठाचे तीन. मार्चमध्ये एक रविवार असा आला की एकही राहिला नाही. पुढच्या रविवारी परत दोन राहिले. आम्ही थांबलो नाही.

परीक्षा मे महिन्यात नगरला होती. फाटकाशी तिने कानातले काढले, केसातला चाप काढला, मनगटावरचं घड्याळ काढलं आणि सगळं माझ्या हातात दिलं.  ती आत गेली.

रस्त्यापलीकडे लिंबाखाली पालक बसले होते. मी तिचं घड्याळ मुठीत धरून बसले. दोन पन्नासला मनात म्हणाले, जीवशास्त्र झालं असेल. पुढचं म्हणायला धीर झाला नाही. पाच वाजले तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "पेन खाली ठेव." शेजारची बाई म्हणाली, "काय म्हनलात?" मी म्हणाले, "पाच वाजले."

ती शेवटच्या मुलींबरोबर बाहेर आली. मी आधी घड्याळाचंच विचारलं.

"होतं. समोरच होतं. पण बंद पडलेलं."

"मग गं?"

"विचारलं. तीन वेळा." तिने कानातले परत घातले. "तिसऱ्या खेपेला सर म्हणाले, बाळ, जरा हळू विचार, पोरं दचकतात."

मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. "आन राहिले किती?"

"राहिला एकबी न्हाई. सात सोडले."

"सोडले?"

"चिरलेली पानं होती आई. मीच टाकली."

निकालात तिचा नंबर लागला, सरकारी कॉलेजात, घरापासून एका रात्रीच्या प्रवासावर. मालकांनी टेम्पोतून पेढे वाटले. ते जुनं कॅलेंडर अजून भिंतीवर आहे. त्यातली खोडलेल्या पाच रविवारांची पानं मी फाडू दिली नाहीत.