अप्पांची मांडी

अप्पांना चालायचं नव्हतं. व्यायाम घ्यायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीला हे माहीत नव्हतं, आणि मीही तिला सांगितलं नाही. ती रोज दुपारी चारला यायची, स्कूटी लिंबाच्या सावलीत लावायची, माठातलं पाणी प्यायची आणि म्हणायची, "आजोबा, दिवाळीला देवळापर्यंत चालत जायचंय बरं का." अप्पा मान डोलवायचे. शहाऐंशी वर्षांचा माझा बाप इतक्या सरळ चेहऱ्यानं खोटं वागू शकतो हे मला तेव्हा कळलं.

त्यांना फक्त मांडी घालता यायला हवी होती. तीही जिवंतपणी नाही, मेल्यावर.

आमच्यात माणसाला जाळत नाहीत, पुरतात. आणि आडवं नाही, बसवून. मांडी घातलेली, कपाळाला भस्म, डाव्या तळहातावर जन्मभर गळ्यात बाळगलेलं इष्टलिंग. फुलांनी सजवलेल्या लाकडी आसनात, ज्याला आम्ही विमान म्हणतो, माणूस बसून घरातून निघतो आणि खड्ड्याच्या भिंतीत खोदलेल्या कोनाड्यात बसूनच राहतो. लहानपणी मला वाटायचं, सगळं जग असंच जातं. शाळेतल्या मैत्रिणीनं तिच्या आजोबांना झोपवून, बांधून नेल्याचं सांगितलं तेव्हा मी दोन दिवस नीट जेवले नव्हते.

अप्पांचा तर जन्मच बसण्यात गेला. जुन्या पेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं. पांढऱ्या गादीवर सकाळी घातलेली मांडी ते जेवायलाच मोडत. आल्यागेल्याला कानडीत "बर्री, कूड्री" म्हणत. या, बसा. गिऱ्हाईक चपला काढून गादीवर त्यांच्यासमोर मांडी घालून बसे आणि मग लुगडी उलगडली जात. पुढे दुकान भाड्यानं दिलं. भाडेकरूनं गादी काढून काउंटर केला, पुढं गोल स्टुलं ठेवली. अप्पा एकदा बघून आले आणि पुन्हा त्या रस्त्यानं गेले नाहीत.

भीती बसली ती काकांमुळं. अप्पांचे धाकटे भाऊ पुण्यात हॉस्पिटलात गेले. मुलगा परदेशातून यायचा म्हणून दोन दिवस शीतपेटीत ठेवलं. इथं आणलं तेव्हा पाय वळेनात. चौघांनी प्रयत्न केला, मग कुणीतरी म्हणालं, "चालतंय की आता. काळ बदललाय." काकांना आडवं नेलं, आडवंच ठेवलं. अप्पा हार हातात धरून तसेच उभे होते. झोपलेल्या माणसाच्या गळ्यात हार घालायचा कसा, हे त्यांना सुचत नव्हतं. शेवटी तो हार त्यांनी काकांच्या छातीवर नुसता ठेवला. घरी येऊन चहाचा कप हातात घेतल्यावर एवढंच म्हणाले, "मला बसवून न्या. आडवं नगं."

आईच्या वेळी हे कुणाला सांगावं लागलं नव्हतं. तेव्हा गल्लीत चार म्हाताऱ्या होत्या. आईचा श्वास थांबला तशा त्या आत आल्या आणि मला बाजूला केलं. "रडायचं नंतर. आदी पाय घ्यायचे," त्यातली एक म्हणाली. थोड्याच वेळात आई भिंतीला टेकून बसलेली होती. मी दारातच उभी होते, पण त्यांनी काय केलं ते काही मी पाहिलं नाही. रडण्यातच होते. नंतर त्या म्हाताऱ्याही एकेक करून गेल्या. त्यांना ते काम हातानं येत होतं, कुणी विचारलं नाही आणि त्यांनी कुणाला सांगितलं नाही. इथं अप्पांकडे येण्याआधी मी तीस वर्षं करमाळ्याला शाळेत मुलांना शिकवलं, पण स्वतः त्यांच्याकडून एवढं शिकून घेतलं नाही.

अप्पा श्रावणात न्हाणीघरात घसरले. डाव्या खुब्याचं हाड मोडलं, आत स्टीलची पट्टी बसवली. डॉक्टर म्हणाले, आता जमिनीवर बसणं बंद. मांडी नाही, उकिडवं नाही, सगळं खुर्चीवर. मी मान डोलवली, कारण मला स्वतःलाच माझ्या डॉक्टरांनी हे सांगून पाच वर्षं झाली होती. फळ्यासमोर उभं राहून माझे गुडघे केव्हाच गेले. अप्पांनी मात्र डॉक्टरांकडे बघितलंसुद्धा नाही.

त्यानंतरचे महिने आठवले की अजून अंग दुखतं. सकाळी त्यांना पुसून काढायचं, कूस बदलायची, कडक भाकरी आमटीत कुस्करून भरवायची, कपडे, चादरी, पुन्हा कूस. मी काही सोशिक वगैरे नाही. दमले की माझं तोंड सुटतं. एक दिवस पाहिलं तर अप्पा धोतराची पट्टी पावलात अडकवून पाय स्वतःकडे ओढत होते, कपाळावर घाम. मी भडकले. पुन्हा हाड मोडलं तर निस्तरायचं कुणी? म्हटलं, "मेल्यावर काय कळणार आहे तुम्हाला? आडवे काय न् बसलेले काय."

अप्पांनी पावलातली पट्टी सोडवून तिची घडी घातली. मग म्हणाले, "मला न्हाय कळणार. तुला कळंल की."

त्या दिवसापासून पट्टी मी धरू लागले. राग गेला नव्हता, पण धरू लागले. चारला मुलगी येऊन गुडघा वाकवून घ्यायची. दुखऱ्या पायाची एक जागा होती, तिथं तो अडायचा. ती तिथंच थांबायची, "आजोबा, सैल सोडा," म्हणायची, सावकाश दहा आकडे मोजायची आणि मग जरासा पुढं न्यायची. आजोबांची जिद्द लई भारी हाय, असं ती मला दारात चपला घालताना सांगायची. तिच्या घरी तेलुगू बोलतात, वडील मागावर कापड विणायचे, म्हणून माणसाला एकाच जागी बसून काय होतं ते तिला माहीत होतं. पण ही जिद्द कशासाठी ते मी तिला सांगितलं नाही. मलाच लाज वाटायची.

चैत्रात, उन्हाच्या वेळी, अप्पांनी दोन घोट चहा घेतला आणि तिसरा घेतला नाही. सव्वातीन झाले होते. कोपऱ्यावरचे डॉक्टर येऊन बघून, दाखला लिहून गेले. मी भावाला पुण्याला फोन केला. तो रडला. मग म्हणाला, "मी लगेच निघतो, चार-साडेचार तास लागतील. तोवर तू काही करू नकोस. शीतपेटी मागव, सरळ झोपव त्यांना." तो वाईट नाही. त्याला त्याच्या बापाचं तोंड बघायचं होतं. मी हो म्हणाले आणि फोन ठेवला.

मग मी पलंगाशेजारी बसून राहिले. आता पाय घ्यायला हवेत, हे कळत होतं. कुठं धरायचं, आधी कुठला, काही सुचेना. रोज त्या पायाला हात लावत होते, आज हात उचलेना. इतके महिने आम्ही दोघांनी जे केलं ते सगळं आता माझ्यामुळं फुकट जाणार, असं वाटलं आणि मला स्वतःची चीड आली.

चारला स्कूटी वाजली.

मुलगी दारातच थांबली. मी तिला सगळं सांगितलं, काकांपासून. ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणून आजोबा रोज आदी गुडघा घे म्हणायचे व्हय." तिनं ओढणी कमरेला बांधली, हात धुतले. "काकू, तुमी पाठ धरा. अजून येळ गेली न्हाय, पण आत्ताच करू."

आम्ही त्यांना उशांना टेकवून बसवलं. उजवा पाय सहज आला. डावा तिनं टाचेखाली आणि गुडघ्याखाली हात घालून उचलला, वळवला, आणि नेहमीच्या जागी तो अडला. तिचा हातही नेहमीसारखा तिथंच थांबला.

"आजोबा, सैल सोडा," ती म्हणाली.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. तिनं पुटपुटत दहा आकडे मोजले, पुरते दहा. मग पाय पुढं नेला, आणि तो आला. मी धोतराची तीच पट्टी दोन्ही गुडघ्यांभोवती बांधली.

हाताला काही करावं लागलं नाही. सत्तरहून जास्त वर्षं रोज सकाळी त्या तळहातावर लिंग ठेवलेलं. पडून राहिल्यापासून पूजा सुटली होती, तरी डावा हात मांडीवर ठेवताच बोटं थोडी वर वळलेलीच राहिली. मी त्यांच्या गळ्यातली चांदीची डबी उघडून लिंग तिथं ठेवलं. तेव्हा माझ्या तोंडून "कूड्री, अप्पा" असं निघालं. शाळेत मुली हसतात म्हणून मी कानडी बोलणं दहाव्या वर्षीच सोडलं होतं.

रात्री आठच्या सुमाराला भाऊ आला. दारात थबकला, माझ्याकडे बघितलं, तू माझं ऐकलं नाहीस, अशा नजरेनं. मग अप्पांकडे बघितलं. अप्पा शेजाऱ्यांनी आणून सजवलेल्या विमानात बसलेले होते, ताठ, गिऱ्हाईकाची वाट बघत असल्यासारखे. त्यानं आणलेला हार सरळ त्यांच्या गळ्यात घातला आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडला.

माणसं जमली. कुणाचे गुडघे, कुणाची कंबर, म्हणून शेजारून प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. मुलं तर खाली बसायचं असतं हे विसरूनच खुर्च्या ओढत होती. मी अप्पांच्या पायाशी मांडी घालून बसायचा प्रयत्न केला. पलंगाची कड धरून खाली गेले, उजवा पाय आत घेतला, डावा येईना. दोनदा केलं. मुलीनं बगलेत हात घालून मला उठवलं आणि खुर्ची दिली.

त्या घरात मांडी घालून बसलेले एकटे अप्पाच होते. खरं सांगते, मला रडू आलं नाही, त्यांचा हेवा वाटला. त्यांना बसवायला आम्ही दोघी तरी होतो.