पुन्हा घासलेला व्हॉल्व्ह

पोलादपूरजवळ माझी जीप बंद पडली, तेव्हा हायवेलगतच्या गॅरेजात तो म्हातारा मेकॅनिक एकटाच होता. इंजिनाचं हेड उतरवून त्यानं एकेक व्हॉल्व्ह खरखरीत पेस्ट लावून, त्याला चिकटवलेली काठी तळहातांत फिरवत त्याच्या जागेवर घासला. बायको वारली, मुलं मुंबईला, एवढंच बोलला. शेवटी व्हॉल्व्ह बसवून त्यानं वरून रॉकेल ओतलं. खाली थेंबही उतरला नाही, म्हणजे सगळे व्हॉल्व्ह घट्ट बसले होते.

“झालं की!” मी उठलो.

त्यानं रॉकेल पुसलं, एक व्हॉल्व्ह परत काढला आणि घासू लागला.

“आता कशाला?”

मान वर न करता तो म्हणाला, “गाडी चालू झाली की तुमी जानार. मंग बोलायला कोन नाय.”

मला महाडला लवकर पोचायचं होतं. तरी मी स्टुलावर बसलो आणि त्याच्या मुलांची नावं विचारली.