एसीची जाळी आणि तिची घागर

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, आणि पाऊस बहुतेक जुन्या जिल्ह्यातच राहून गेला, असं आम्ही वैतागून म्हणायचो. आमच्या एक्स-रेच्या गाडीवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खरडून त्यावर नवं रंगवलं होतं. तरी उन्हात खालचं जुनं नाव दिसायचंच.

मी त्या गाडीवर नर्स होते. गाडी बसएवढी. मागच्या बाजूला यंत्र, त्याला लागून फिल्म धुवायची अंधारी खोली आणि त्या खोलीच्या भिंतीत बसवलेला एसी. गावोगावच्या लोकांना वाटायचं, काय थाट आहे साहेबांचा! साहेब म्हणजे आमचे डॉक्टर तर बाहेर लिंबाखाली घाम पुसत बसलेले असायचे. एसी होता फिल्मसाठी. औषधाचं पाणी तापलं की फिल्म धुरकट निघायची, आणि धुरकट फिल्म बघून छातीत रोग आहे की नाही, हे कुणाच्या बापाला सांगता आलं नसतं.

एसीची देखभाल चाचांकडे होती. चाचा नांदेडचे, गाडीवरचे शिपाई, निवृत्तीला आलेले. त्यांची सारी उमेदीची वर्षं कचेरीत वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारण्यात गेली होती. पडदा ओला असला की आतला साहेब खूश. थंडावा म्हणजे काय, ते चाचांना तेवढंच ठाऊक होतं.

मे महिन्यात आम्ही निलंग्याकडच्या एका गावात गेलो. विहिरी आटलेल्या, माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली, आणि धूळ अशी की भाकरीबरोबर दाताखाली कचकचायची. तिथं माझी एक पेशंट होती. कोवळी पोर, पदरात एक मुलगी. टीबी झाला म्हणून सासरच्यांनी तिला गोठ्याच्या छपरात ठेवलं होतं. ताट वेगळं, घागर वेगळी. लेक सासूजवळ. तिनं इंजेक्शनं, गोळ्या, सगळं न चुकता घेतलं होतं आणि खोकलाही थांबला होता. "फोटू साफ आला की पोरगी तुझ्याजवळ," असं सासूनं कबूल केलं होतं. तो फोटो आज निघायचा होता. ती पोर अंगणापलीकडूनच लेकीला बोलायला शिकताना बघत होती.

मी बिलोलीकडच्या बौद्ध घरातली. वेगळ्या घागरीचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. रोगाची भीती ही निराळी गोष्ट, हे नर्स म्हणून कळत होतं. तरी ती घागर दिसली की माझं डोकं फिरायचं ते फिरायचंच.

फिल्म निघाली ती धुरकट. सासू नातीला कडेवर घेऊन आली होती. तिनं फिल्मकडं पाहिलं आणि म्हणाली, "पांढरं पांढरं दिसायलंय की. म्हंजे हाय आजून." तिनं नातीचं तोंड पदराखाली घेतलं.

"रोग नाही हो, फिल्म खराब झालीय," डॉक्टर म्हणाले. पण साफ आहे असंही त्यांना म्हणता येईना. पुढची फेरी पावसाळ्यानंतर. ती पोर पदराखाली झाकलेल्या लेकीकडं बघत राहिली. रडली असती तर बरं वाटलं असतं.

मी तणतणत अंधाऱ्या खोलीत गेले. एसी नुसता घरघरत होता, वारा नावाला नाही. झाकण काढून जाळी ओढली, तर हातात चिखलाची पोळीच आली.

"चाचा, हे काय?"

"रोज पाणी मारतो ना, बेटी," चाचा म्हणाले. "धूप लई हाय. पाण्याबिगर ठंडक कशी येणार?"

"हा काय वाळ्याचा पडदा आहे? याला कोरडी, स्वच्छ जाळी लागते. वारा आत जायला वाटच ठेवली नाहीत तुम्ही!" मी बरंच बोलले. मग त्यांच्या फुटलेल्या ओठांकडं लक्ष गेलं, आणि कोपऱ्यातल्या त्यांच्या रिकाम्या सुरईकडं. स्वतःच्या वाट्याचं प्यायचं पाणी ते या यंत्राला पाजत होते. पुढं मला ओरडता येईना.

जाळी उलटी करून आपटली, पण चिखल वाळून धाग्यांत बसलेला. धुण्यावाचून इलाज नव्हता. गाडीतल्या पाण्याला हात लावावा तर फिल्म कशात धुणार? टँकरचा पत्ता नव्हता. जमलेल्या बायकांना विचारलं, तर सगळ्या खाली बघायला लागल्या. त्यांनाही दोष कसा द्यायचा? मीही दिलं नसतं.

तेवढ्यात ती पोर छपरातून घागर घेऊन आली. सवयीनं चार हात लांब ठेवली.

"ताई, माझ्या पाण्याला तसंबी कुणी शिवत न्हाई. जाळीला चालतंय का?"

मी पुढं होऊन घागर उचलली. "चालतंय," म्हटलं. "जाळीला काय धाड भरलीय!"

मग मी आणि चाचा घमेलं घेऊन बसलो. जाळीच्या मागच्या अंगानं बारीक धार सोडायची, म्हणजे धूळ आली तशी बाहेर जाते. घमेल्यातला गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणी परत वापरायचं. शेवटचा हात तेवढा स्वच्छ पाण्याचा. चाचा लहान बाळाला न्हाऊ घालावं तसे बोटं फिरवत होते. उन्हात प्लास्टिक वाकडं होतं म्हणून जाळी सावलीत लिंबाला टांगली. मे महिन्याच्या कोरड्या वाऱ्यानं ती बघता बघता वाळली. तोवर मी एसीच्या आतली धूळ कोरड्या ब्रशनं झाडून काढली. घागर रिकामी झाली.

जाळी बसवून जनरेटर चालू केला आणि एसीपुढं हात धरला. गार वारा! चाचा म्हणाले, "या अल्ला, सूखी जाळी आन् ठंडी हवा!"

अंधारी खोली गार व्हायला वेळ लागला. कुणी हललं नाही. दुसरी फिल्म निघाली, तेव्हा डॉक्टरांनी ती उजेडाकडं धरून इतकी निरखली की मला त्यांचा राग आला.

"साफ आहे," ते शेवटी म्हणाले. "जुना व्रण आहे, तो भरलाय. आता हिच्यापासून कुणालाही धोका नाही."

सासू नातीला घेऊन खाली टेकली. पोर तिथंच उभी. पुढं यायला तिचा पायच उचलेना. आणि लेक आजीला घट्ट बिलगलेली, तिला आई म्हणजे लांबची बाई.

गाडीखाली एसीच्या नळीतून पाणी ठिबकायला लागलं होतं. चाचांनी पोरीची घागर उचलून नेमकी त्या नळीखाली ठेवली होती. "जिचं पाणी तिला परत," ते म्हणाले. संध्याकाळी आम्ही निघायच्या वेळी तळाशी थोडंसं साठलेलं होतं.

सासू उठली. इतके दिवस जिला बोट लावलं नव्हतं त्या घागरीपाशी गेली, वाकली आणि थांबली. कडेवर नात होती. तिनं मागं वळून सुनेकडं पाहिलं.

"बघत काय राहिलीस? धर की हिला," ती खेकसली. "मला घागर घरात न्यायची हाय."