सुनंदाच्या रोजच्या तीन ओळी

“तुमची पत्नी वाचेल,” असं न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले आणि मला रडू फुटलं. त्यांनी मला रडू दिलं. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाले, “अजून माझं बोलून व्हायचंय.”

सुनंदाला हर्पीस एन्सेफलायटिस झाला होता, म्हणजे विषाणूमुळे मेंदूला सूज आली होती. हा विषाणू तसा साधा. ओठावर फोड येतो आणि जातो. क्वचित कुणाच्या तरी मेंदूत शिरतो. सुनंदाच्या मेंदूत नव्या आठवणी साठवण्याची जागा त्यानं जाळून टाकली होती. “जुनं बरंचसं राहील,” डॉक्टर म्हणाले. “नवीन टिकणार नाही. काही मिनिटं, फार तर तासभर.”

ज्यांच्या घरावर असं काही कोसळलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. तेव्हा मला सांगणारं कुणी नव्हतं.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही मूळचे नागपूरचे. शिकागोच्या पश्चिमेला, नेपरव्हिलमध्ये घर घेतलं होतं. मी ट्रेननं शहरात ऑफिसला जायचो. सुनंदा पाणी तपासणाऱ्या एका लॅबमध्ये केमिस्ट होती. मुलगी प्रीती इथेच जन्मलेली, तेव्हा चौथीत होती.

सुरुवात ताप आणि डोकेदुखीनं झाली. फ्लू असेल म्हणून सुनंदा घरी राहिली. मग म्हणू लागली, “काहीतरी करपतंय.” शेगडी तर बंद होती. तो करपल्याचा वासही आजाराचंच लक्षण होता, हे नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी ती प्रीतीला स्वतःच्या बहिणीच्या नावानं हाक मारू लागली आणि दुपारी स्वयंपाकघरातच तिला फिट आली.

हॉस्पिटलात सीटी स्कॅन झाला. ईईजी झाला, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढला. स्पायनल टॅप केला, म्हणजे कण्यातून सुई घालून पाणी काढलं. औषध शिरेतून चालू झालं. वेटिंग रूममध्ये टीव्हीवर लोक बक्षिसं जिंकून उड्या मारत असायचे. शेजारच्या शोभाकाकू डबा घेऊन यायच्या, मी जेवेपर्यंत बसून राहायच्या आणि डबा घेऊन जायच्या. त्या काही विचारायच्या नाहीत. ते उपकार मी विसरलो नाही.

सुनंदा शुद्धीवर आली तेव्हा मी तिचा हात धरून त्रिशरण म्हणू लागलो. तिनं माझ्यासोबत म्हटलं, पुढे पंचशीलही म्हटलं, एकही शब्द न चुकता. मला वाटलं, डॉक्टर चुकले. तेवढ्यात नर्स येऊन सलाइन बदलून गेली. सुनंदानं दाराकडे पाहिलं आणि विचारलं, “अहो, आपण कुठं आहोत?”

त्या दुपारी हेच तिनं मला कितीतरी वेळा विचारलं. प्रत्येक वेळी तितक्याच घाबऱ्या आवाजात.

घरी सोडताना स्पीच थेरपिस्ट बाईंनी सांगितलं, “तिला रोज डायरी लिहू द्या. दोन-तीन ओळी, जास्त नको, नाहीतर ती वाचणार नाही. आणि तिच्याच हातानं लिहू द्या. दुसऱ्याचं अक्षर तिला खोटं वाटेल.”

तसं आम्ही सुरू केलं. संध्याकाळी जेवणाआधी ती लिहायची. ‘आज बर्फ पडला. प्रीतीची दाढ हलतेय. वरणात मीठ जास्त झालं.’ सकाळी उठली की ते आणि मागची पानंही वाचायची, परक्या बाईचं वाचावं तसं. मग म्हणायची, “अक्षर तर माझंच आहे.” एवढ्यावर तिचा दिवस उभा राहायचा. कालचा दिवस होता, आणि त्यात आपण होतो, एवढं तरी तिला कळायचं.

त्याच हिवाळ्यात नागपूरहून तिच्या भावाचा, रमेशचा फोन आला. आई गेली. झोपेतच गेली.

मी सुनंदाला सांगितलं. ती ओट्याला धरून रडली. प्रीती तिच्या पाठीला बिलगून उभी होती. संध्याकाळी सुनंदानं लिहिलं, ‘आई गेली.’ आणि जेवण झाल्यावर मला म्हणाली, “रविवार आहे ना? आईला फोन लावा.”

दुसऱ्या सकाळी तिनं वही उघडली आणि आई पुन्हा गेली. तसाच धक्का, तसंच रडणं. “मला कुणी सांगितलं कसं नाही?” असं मला विचारलं. तिसऱ्या दिवशी तेच, आणि त्याच्या पुढच्याही. प्रीती न खाताच शाळेत जाऊ लागली. एकदा दारातून म्हणाली, “Baba, just take the page out. Please.”

मलाही तेच वाटत होतं. पण वही सुनंदाची होती. एका सकाळी तिचं रडणं ओसरल्यावर मी तिच्याजवळ बसलो आणि सगळं खरं सांगितलं. “हे तू रोज वाचतेस आणि रोज नव्यानं रडतेस. पान काढू का?”

ती म्हणाली, “काढलंत तर मी आईला फोन लावा म्हणेन. तुम्ही काय सांगाल?”

मी वही मिटायला गेलो, तर तिनं त्यावर हात ठेवला.

“खोटं सांगाल. आणि मला ते कळणारही नाही. अहो, तुम्ही सांगता तेवढंच आता माझं खरं. ते तरी राहू द्या.”

तिनं पेन मागितलं. त्या ओळीखाली सावकाश लिहिलं, ‘हे वाचून मी आधी पुष्कळ रडले आहे. आईला त्रास झाला नाही. रमेशनं सगळं नीट केलं. आता चहा घे.’

त्यानंतरही ती रडायची. पण खालचं वाचून डोळे पुसायची आणि चहा घ्यायची. त्या चार ओळी लिहिणारी बाई तिला आठवत नव्हती, तरी ती तिचं ऐकायची. मी समोर बसून चहा प्यायचो. माझी सुनंदा समोर होती, तरी पूर्वीच्या सुनंदाशिवाय मला करमत नव्हतं. हे कुणाला कसं सांगावं?

बर्फ वितळायच्या सुमारास एका सकाळी मी खाली आलो तर ती खिडकीशी बसली होती. वही उघडलेलीच नव्हती. “काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही. मन जड झालंय.” मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “आपलं कुणी गेलंय का?”

मी न्यूरॉलॉजिस्टना हे सांगितलं. ते म्हणाले, “घटना साठवणारी जागा गेलीय. भावना दुसरीकडे राहतात. का दुखतंय ते तिला माहीत नाही, पण दुखणं तिच्याजवळ राहतं.”

घरी येताना मी गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली. दुःख राहत असेल, तर दुसरंही काही राहत असेल, असं माझ्या मनात आलं. तोवर मी तिला फिरायला न्यायचं टाळत होतो. विसरणारच आहे, मग कशाला, असं वाटायचं. तुमच्या घरी असं कुणी असेल तर एवढंच सांगतो, न्या. त्यांना गाणं ऐकवा, आवडीचं खाऊ घाला. डायरीत न येणारंही त्यांच्यात कुठेतरी उतरतं. आमच्या डॉक्टरांचे, थेरपिस्ट बाईंचे आभार मानतो, पण हे मला सुनंदानं शिकवलं.

मे महिन्यात प्रीतीच्या शाळेत बँडचा कार्यक्रम होता. ती क्लॅरिनेट वाजवायची. “Don't bring Aai,” ती म्हणाली. “What's the point?” मी आणलं. सुनंदा पहिल्या रांगेत बसली. प्रीतीवरची नजर तिनं एकदाही हलवली नाही, आणि शेवटी सगळ्यांच्या आधी उभी राहून टाळ्या वाजवल्या.

पार्किंगमध्ये गाडीपर्यंत पोहोचेस्तोवर ते सगळं पुसलं गेलं होतं. मागच्या सीटवर प्रीती क्लॅरिनेटची पेटी मांडीवर घेऊन बसली होती. सुनंदानं बाहेरच्या हिरव्या झाडांकडे पाहिलं आणि म्हणाली, “आज मला किती छान वाटतंय. का, कोण जाणे.”

प्रीतीनं पुढे वाकून आईच्या खांद्यावर हनुवटी टेकवली.

“मला माहितेय,” ती मराठीत म्हणाली. “सांगू?”